आबांच्या फोनची पाठ

मला उघडता येणार नाही अशी वस्तू जगात अजून तयार व्हायची आहे! मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, कॉलेजातला व्होल्टमीटर, सगळं मी उघडून पाहिलेलं आहे. ते पुन्हा बंद झालं का, असले खवचट प्रश्न माझी बायको दिशा विचारते. तुम्ही विचारू नका. मी बुद्धघोष, बारामतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. एखाद्या गोष्टीच्या आत काय असेल, हा प्रश्न एकदा पडला की मला घास गोड लागत नाही.

त्या दिवशी सकाळीच माझे सासरे श्रीपती आबा निरवांगीहून आले. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या मेव्हणीचा, श्रियाचा, साखरपुडा होता. तोही आबांच्या शेतात, मांडव घालून! आबा स्वतःसाठी कपडे घ्यायला आणि कटिंग-दाढी उरकायला बारामतीत आले होते. चहा पिता पिता त्यांनी खिशातून फोन काढला. मागच्या काचेचा पार भुगा झालेला!

"ट्रॅक्टरवरनं पडला," आबा म्हणाले. "बोलायला झ्याक हाय, पर उद्या पाव्हण्यांम्होरं काढू कसा? कऱ्हाटीची मानसं बारीक नजरंची हायेत."

मी मांडी बदलली. "आबा, दुकानात द्यायचं कामच नाही! पाठ नुसती चिकटवलेली असते. शेकायची, उचकटायची, नवी बसवायची. तुम्ही दाढी करून येईपर्यंत फोन नवरदेवासारखा नटवून ठेवतो!"

"अहो..." दिशा म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"करू दे गं," आबा म्हणाले. "पाव्हणं शिकल्यालं हायेत." त्यांनी फोनचं लॉक काढून तो माझ्या हातात दिला आणि चपला घातल्या. मग दारातून एकदम वळले. "पर पाव्हणं, त्याच्यावरनं उगं कुनाला फोनबिन लावू नगा हां."

आता तुम्हीच सांगा, असं कुणी सांगितलं की हात शिवशिवणार नाहीत का?

मी दुकानातून निळीशार पाठ आणली. माझा स्वतःचा फोन ओट्यावर लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला आणि त्यावर पाठ बदलण्याचा व्हिडिओ लावला. व्हिडिओतला पोरगा म्हणाला, आधी हेअर ड्रायरनं गरम हवा द्या. हेअर ड्रायर आमच्याकडे कुठला! मी तव्यावर मीठ भाजलं, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि फोनला शेक द्यायला बसलो.

"बाळंतीण बरी आहे ना?" दिशानं विचारलं.

मी लक्ष दिलं नाही. न्हाणीघरातल्या टाइलवरचा रबरी हुक काढून पाठीला चिकटवला, वर ओढला, फटीतून जुनं ओळखपत्र फिरवलं आणि चर्र करून पाठ निघाली! आत काय होतं म्हणता? काळी कुळकुळीत बॅटरी, मोहरीएवढे स्क्रू आणि कागदासारख्या पातळ पट्ट्या. एवढ्याशा जागेत माणसाचा आवाज येतो कुठून, जातो कुठून! मी इतका रमलो, की व्हिडिओ संपून पुढचा लागला आणि त्यातली बाई मला भरताची वांगी निवडायला शिकवू लागली.

जुना गोंद खरवडून मी नवी पाठ नुसतीच टेकवली. व्हिडिओतला पोरगा बजावत होता, पक्की चिकटवण्याआधी फोन लावून बघा. आबांनी नको म्हटलं होतं, कबूल. पण चाचणीवाचून विज्ञान पुढं सरकत नाही! मी आबांची कॉलची यादी उघडली. सगळ्यांत वर एक नंबर होता. नाव नाही, नुसता नंबर. खाली सरकवलं तर पुन्हा तोच. आणखी खाली, पुन्हा तोच! रोज पहाटे, रोज दुपारी, रोज संध्याकाळी! आबांचा एवढा जिवाभावाचा माणूस कोण? जो कोणी असेल तो आबांचा फोन नक्की उचलणार, म्हणून मी तोच लावला.

रिंग वाजली न वाजली तोच फोन कट!

"एखादी पट्टी हलली वाटतं," मी पुटपुटलो आणि पाठ पुन्हा काढली.

तेवढ्यात दिशाचा फोन वाजला. माझ्या सासूबाई, रंगुबाई; मी त्यांना मामी म्हणतो. दिशा पोळ्या लाटत होती, तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"दिशे, आबा हायेत का गं तितं? अगं, मोटार आपसूक चालू झाली! आन् समदं पानी मांडवात चाललंय!"

"मांडवात कसं, आई?"

"मांडवाचा टेम्पो आत याया पायजे म्हनून मधला पाइप न्हवता का काढून ठिवला? तितंच कारंजं उडाया लागलंय! मोटारीच्या खोलीला कुलूप, किल्ली तुझ्या आबांच्या खिशात! विशाल मांडववाला नवा गालिचा डोक्यावर घिऊन हुबा ऱ्हायलाय!"

"आबा कटिंगला गेलेत, मामी," मी ओट्याजवळून ओरडलो. "घाबरू नका. कारण शोधून काढतो!" बोलता बोलता मी पट्ट्या बोटानं दाबल्या, पाठ टेकवली आणि पुन्हा तोच नंबर लावला. पुन्हा कट!

"थांबली!" मामी ओरडल्या. "पाव्हणं, थांबली बगा!"

"बघा! म्हटलं नव्हतं?" मी म्हणालो. खरं तर मी काहीच म्हटलं नव्हतं.

आता माझ्यापुढं दोन कोडी होती. आबांचा फोन का कटतो आणि मोटार आपसूक का चालते. आयुष्यात इतका सुखी मी क्वचितच झालो असेन! एका हातानं मी बॅटरीवरची धूळ झटकत होतो आणि तोंडानं निरवांगीची चौकशी चालवली होती.

"मामी, लाइट जाऊन आली का? मोटारीला ऑटो असला तर लाइट आल्यावर ती आपोआप सुरू होते."

"लाइट गेलीच न्हाय. आन् ऑटो कवाच काढलाय."

मागून विशालचा आवाज आला, "मावशी, त्या वड्यापल्याडच्या मोटारीच्या हिरीत कायतरी हाय म्हनत्यात! माज्या चुलत्यानं बगितलंय!"

"गप ए!" मामी कडाडल्या. "माज्या घरात भूतबित चालायचं न्हाय! आमच्यात कारन शोधत्यात. पाव्हणं, तुमी कारन शोधा!"

मला गहिवरून आलं. अशी सासू मिळायला भाग्य लागतं. "मामी, एक घडतं म्हणून दुसरं घडतं. कारणाशिवाय काही होत नाही!" मी म्हणालो आणि तिसऱ्यांदा नंबर लावला. कट!

"आली गं बया! परत आली!"

या वेळी पाण्यानं जोर धरला होता. खुर्च्यांचे पाय चिखलात रुतले, स्टेजची एक बाजू खचली, श्रिया रडायला लागली, हे सगळं आम्हाला बारामतीत बसून ऐकू येत होतं. दिशानं लाटणं खाली ठेवलं. बहिणीच्या रडण्यानं तिचाही चेहरा उतरला होता. "उद्या माणसं बसणार कुठं हो?" ती म्हणाली.

"थांब, आधी हा फोन लागू दे."

"सारखा कुणाला लावताय? मलाच लावून बघा की."

"तू आईशी बोलतेयस आणि माझ्या फोनवर व्हिडिओ चालू आहे. म्हणून तर या जिवाभावाच्या माणसाला लावतोय." मी नंबर दाबला. "हे बघ, पुन्हा कटला!"

"थांबली!" स्पीकरमधून मामी.

दिशानं माझ्याकडे पाहिलं. मग आबांच्या फोनकडे पाहिलं. मग पिठाच्या हातानं तो माझ्याकडून ओढून घेतला आणि यादी चाळली. "अहो, यातला एकही फोन कुणी उचललेला नाही. रोज नुसते मिस कॉल. तुम्ही 'कटला' म्हणालात की तिकडं आई काहीतरी ओरडते."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आनंदाचा! दोन कोडी नव्हतीच, एकच कोडं होतं! "दिशा, तू थोर आहेस! पण एकदा जुळलं तर तो योगायोगही असू शकतो. खात्री करून घेतली पाहिजे." आणि तिनं हात धरायच्या आत मी पुन्हा नंबर दाबला.

"आली ऽऽ!" निरवांगीत एकच गिल्ला झाला.

"सिद्ध झालं!" मी टाळी वाजवली. "मामी, कारण सापडलं! मोटार आबांच्या फोनवर चालते! तिच्या स्टार्टरात सिमकार्ड बसवलेलं असणार! एक मिस कॉल दिला की चालू, दुसरा दिला की बंद!"

मग मामींचा आवाज आला, एकदम हळू. "आसं कसं व्हईल, पाव्हणं? त्ये तर रोज पहाटं हातात बॅटरी घिऊन वड्यापल्याड जात्यात, मोटार चालू कराया. मी हितं थंडीत उसाला पान्याची दारं धरून हुबी आसती."

त्याच क्षणी दारात आबा उभे राहिले. दाढी गुळगुळीत, अंगाला अत्तराचा वास आणि चेहरा परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आबा, हा नंबर कुणाचा?" दिशानं विचारलं.

"कंचा? मला न्हाय बा ठावं," आबा म्हणाले आणि मला डोळ्यांनी खुणावू लागले. खुणा एवढ्या केविलवाण्या, की मला त्यांची खरोखर कीव आली. पण मोटार चालूच होती! ती बंद करायची हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं, म्हणजे माझ्या.

"आबा!" स्पीकरमधून श्रियाचा रडका आवाज आला. "स्टेज पडाय लागलंय! कायतरी करा की, आबा!"

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटले. मग पुढं होऊन फोन उचलला आणि न बघता, नुसत्या अंगठ्याच्या सवयीनं, त्या नंबरावर अचूक बोट ठेवलं.

"थांबली," मामी म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात घाई नव्हती. "व्हय का? आन् पहाटं कुठं जाता मंग?"

"फाट्यावर," आबा पुटपुटले. "च्या प्यायला."

"मंग रोज गुडघं कशानं दुखत्यात? मी रातच्याला तेल चोळतीया त्ये कशाला?"

आबांचा हात आपसूक गुडघ्याकडे गेला. मी खाली मान घालून पाठ चिकटवू लागलो आणि दाब बसावा म्हणून फोनला चहूबाजूंनी कपड्यांचे चिमटे लावले.

दुपारीच आम्ही तिघं निरवांगीला निघालो. मांडवात पोचलो तर पोटरीएवढा चिखल! मी, आबा आणि विशाल अंधार पडेपर्यंत उसाचं पाचट आणून पसरत होतो. मामी कट्ट्यावर बसून बोट दाखवतील तिकडं आबा मुकाट्यानं भारा टाकत होते.

सकाळी कऱ्हाटीची मंडळी आली. जय भीम झाला, वंदना झाली. पण नवऱ्या मुलाचे वडील, आप्पासाहेब, काही केल्या खुर्चीत बसेनात. खाली वाकून पाचट बाजूला सारत होते, चपलेनं जमीन दाबून बघत होते. श्रियाचा चेहरा पांढरा पडला. झालं, मी मनात म्हणालो, मेव्हणीचं लग्न मोडणारा जावई म्हणून आता आपली सोयरिकीत ओळख राहणार!

आप्पासाहेब सरळ उभे राहिले. त्यांचे डोळे चमकत होते.

"श्रीपतराव," ते म्हणाले, "आमच्या जिरायतीत हंड्याला पानी न्हाय, आन् तुमच्याकडं ऐन उन्हाळ्यात मांडवात वल हाय! आसं घर पायलंच न्हवतं आमी. पोरगी पसंत व्हतीच, आता घरबी पसंत!"

मांडवात एकदम हशा पिकला आणि श्रियाच्या चेहऱ्यावर रंग आला. मी तर पाण्याचा देणगीदार असल्यासारखा छाती काढून उभा राहिलो. आप्पासाहेब मात्र माझ्यासारखेच, मुळाशी गेल्याशिवाय चैन न पडणारे निघाले.

"पर मोटार लई जोरकस दिसतीया," त्यांनी विचारलं. "स्टार्टर कंचा बशिवलाय वो?"

आबा खाली बघू लागले. मामींनी पदर सावरला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"स्टार्टर कशाला लागतोय, आप्पासाहेब? जावई हाय की आमचा!"