मंजूर मनोगत

वस्तू वापरण्यापूर्वी ती घडवणाऱ्याच्या अंतःकरणात डोकावून पाहणे, हे समाज प्रगत झाल्याचे लक्षण आहे. मागासलेल्या काळात लोक खुर्चीवर बसून पाहत आणि ती डुगडुगली तर सुताराचा उद्धार करत. सुताराला संध्याकाळी काय ऐकायला आवडते, रंधा मारताना त्याला बालपण आठवते का, असल्या मूलभूत प्रश्नांची चौकशी कोणी करत नसे. परिणामी त्या काळी खुर्च्या बऱ्या असत; सुतारांविषयीचे ज्ञान मात्र शोचनीय होते.

ही उणीव आमच्या संस्थेने भरून काढली आहे. आम्ही औषधांची वेष्टने आखतो: खोकी, गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्यांवरची लेबले. त्रेचाळीस डिझायनर आणि एक मजकूर तपासनीस, असा आमचा संसार. तो तपासनीस मी. शिक्षणाने रसायनशास्त्राचा. छापलेला मिलिग्रॅम हा मिलिग्रॅमच राहील, वाटेत त्याचा ग्रॅम होणार नाही, एवढे पाहण्यासाठी मला ठेवले आहे. (कार्यालयात मला ‘मिलिग्रॅम’ म्हणतात. त्यात आपुलकी किती, हे मी मोजलेले नाही.)

संस्थेच्या संकेतस्थळावर ‘अंतरंग’ नावाचे दालन आहे. प्रत्येक डिझायनरने तिथे आपले मनोगत लिहायचे. भाग पहिला: सर्जनशीलता म्हणजे माझ्यासाठी काय. भाग दुसरा: माझा आवडता विरंगुळा. ग्राहक ही मनोगते वाचतो आणि ज्याचे मन पटेल त्याच्या हाती काम सोपवतो. पूर्वी ग्राहकांना जुनी कामे दाखवत. पण कामे पाहून मत बनवायला वेळ लागतो, शिवाय ते मत कधीकधी प्रतिकूल निघते. मनोगताबद्दल तशी तक्रार अद्याप एकही नाही. तेव्हा नियम ठरला: ज्याचे मनोगत मंजूर नाही, त्याला स्वतंत्र काम नाही. त्याने इतरांच्या आखणीतली अक्षरे लहानमोठी करत बसावे.

मनोगतांचे शुद्धलेखन माझ्याकडे असल्यामुळे त्यांचा अभ्यास आपोआप घडला. बेचाळीस मंजूर मनोगतांपैकी एकोणचाळीस लेखकांनी लहानपणी घराच्या भिंतीवर चित्रे काढली होती, आणि त्यांपैकी एकतीस जणांना त्याबद्दल आईने शाबासकी दिली होती. (आयांच्या ज्ञात वर्तनाशी हा आकडा जुळत नाही, पण मी आकडे देतो, स्पष्टीकरणे देत नाही.) ‘शांतता’ हा शब्द एकशे बारा वेळा आला आहे. ‘ग्राहक’ दोनदा. ‘रुग्ण’ एकदाही नाही, कारण रुग्ण मनोगते वाचत नाही. तो फक्त बाटली वाचतो, आणि तीही वाचताच येईल असे नाही.

विरंगुळ्याचा भाग अधिक बोधप्रद आहे. चौतीस जणांना संथ सिनेमे आवडतात. संथ, परभाषेतले, आणि शक्यतो पावसाळी. संस्थेने सर्वांच्या प्रेरणेसाठी सिनेमांच्या एका संकेतस्थळाचे सामाईक खाते घेतले आहे आणि कोणी काय किती वेळ पाहिले याची नोंद त्यात राहते, ही गोष्ट त्या चौतीस जणांच्या ध्यानात आली नसावी. नोंदीनुसार संथ सिनेमा सरासरी अकरा मिनिटे पाहिला जातो, त्यात सुरुवातीची नावे धरली आहेत. उलट, मळकी कार्पेटे पाण्याच्या फवाऱ्याने धुतानाची चित्रफीत गेल्या वर्षी एकंदर सहाशे बारा तास पाहिली गेली. कार्पेटांचा उल्लेख एकाही मनोगतात नाही. (त्या सहाशे बारा तासांत माझे एकेचाळीस आहेत. शेवटचे पाणी स्वच्छ निघते तेव्हा बरे वाटते, याहून खोल त्यात काही सापडले नाही.)

त्रेचाळिसावे मनोगत ताईचे. ते नामंजूर होते.

ताई संस्थेत सर्वांत जुनी. तिला कल्पना सुचत नसत, असे ती स्वतःच सांगे. तिची पद्धत अशी: लेबले आखायची, दोन सारख्या बाटल्यांवर चिकटवायची आणि घरी न्यायची. घरी तिचे सासरे, आप्पा. आप्पांनी चाळीस वर्षे मनगटी घड्याळे दुरुस्त केली आणि त्या कामात डोळे वापरून संपवले. ताई त्यांना जेवणाच्या टेबलापाशी बसवी. हा प्रयोग मी एकदा प्रत्यक्ष पाहिला आहे.

“आप्पा, चष्मा काढा.”

“काढला. आता तूही दिसत नाहीस. बरं वाटतं.”

“खोकल्याची उचला.”

“ही.”

“ही गुडघ्याच्या तेलाची.”

“मग गुडघ्याचा खोकला जाईल. पुढची मांड.”

वीस वेळा बाटल्यांची अदलाबदल, विसाच्या वीस वेळा बरोबर उचलली तर लेबल पास. एक चुकली की ताई लेबल फाडून पुन्हा पहिल्यापासून. या पद्धतीला विज्ञानात प्रयोग म्हणतात. ‘अंतरंग’मध्ये तिच्यासाठी रकाना नाही.

ताईला नामंजुरीचे दुःख नव्हते. अक्षरे लहानमोठी करण्यातही तिचा दिवस बरा जाई. पण त्या वर्षी एका औषध कंपनीने दोन बाटल्यांचे काम आणले. एक डोळ्यात घालायचे थेंब, दुसरे कानात घालायचे. बाटली तीच, टोपण तेच, जुन्या लेबलावर हिरवी पट्टीही तीच. आप्पांच्या घरात दोन्ही. डोळ्यातला दाब वाढतो म्हणून सकाळ-संध्याकाळ एक, कानातला मळ दगड झाला म्हणून आठवड्यातून दोनदा दुसरी. कानाचे थेंब त्यांनी दोनदा डोळ्यावर धरले होते. दोन्ही वेळा ताईने मनगट पकडले. दुसऱ्या वेळी थेंब टोकाला लोंबत होता.

ताईला ते काम हवे होते. दुसरे काही नको, बढती नको, नाव नको. त्या दोन बाटल्या हव्या होत्या. म्हणून तिने मनोगत पुन्हा लिहिले. ते असे: “मला सुचत नाही. मी दोन बाटल्या शेजारी ठेवते आणि सासऱ्यांना चष्मा काढायला सांगते. चुकले तर परत करते. विरंगुळा: मालिका लावते, पण झोप लागते.” मनोगत शेऱ्यासह परत आले: “प्रामाणिक, परंतु सर्जनशीलतेचा अभाव. बालपण जोडावे. झोप वगळावी.”

ताई माझ्या टेबलाशी आली.

“मिलिग्रॅमभाऊ, तुम्ही सगळ्यांची मनोगतं तपासता. थोडं इकडचं, थोडं तिकडचं घेऊन मला एक लिहून द्या ना.”

“ते खोटं होईल, ताई.”

“बाकीच्यांचं?”

“बाकीच्यांचं व्याकरणाला धरून आहे.”

“मग माझंही तेवढंच धरून असू दे. मला बाटल्या करायच्यात हो.”

दुपारच्या सुट्टीत मी तिचे मनोगत लिहिले. वेळ पंचवीस मिनिटे, त्यातली दहा डबा खाण्यात गेली. सर्जनशीलता म्हणजे दोन शांततांमधली फट, असे लिहिले. (फट किती रुंद, हे लिहिले नाही; आकडा दिला की खोली जाते.) भिंत आणि आईची शाबासकी घातली. विरंगुळ्यासाठी सिनेमा हवा होता. अस्तित्वात असलेल्या सिनेमाचे श्रेय लाटणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून एक नवा कल्पिला: तीन तास चाळीस मिनिटे, दोन भाऊ एक लाकडी कपाट जिन्यावरून वर नेतात आणि ते वळणावर अडकते. बस. शेवट सुचला नाही, तेवढ्यात सुट्टी संपली.

मनोगत त्याच संध्याकाळी मंजूर झाले. आठवड्याभरात त्याखाली चौसष्ट अभिप्राय जमले. एकोणीस जणांनी तो सिनेमा पाहिला होता. सहा जणांनी दोनदा. एका ग्राहकाने लिहिले की दुसऱ्यांदा पाहताना कपाट अधिक जड वाटते. संचालकसाहेबांनी बैठकीत ताईचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “शेवटी ते कपाट उघडतात आणि ते रिकामं निघतं, तिथं मला आवरलं नाही.” मी टिपण घेतले. शेवट मिळाला होता.

यापुढील निर्णय पूर्णपणे तर्कशुद्ध होता, हे मी तपासनीस या नात्याने मान्य करतो. जिचे विचार इतके उंच, तिला लेबलांना जुंपणे हा मनुष्यबळाचा अपव्यय. म्हणून ताईला सर्जनशीलता मार्गदर्शक नेमण्यात आले. इतरांना मनोगत लिहायला शिकवणे हे तिचे काम. मार्गदर्शकाने प्रत्यक्ष आखणी करायची नाही, असाही नियम झाला. हात कामात गुंतले की विचारांना डाग पडतो.

“साहेब, मला मार्गदर्शन जमायचं नाही. त्या दोन बाटल्या तेवढ्या द्या.”

“ताई, बाटल्या कुणीही करील. कपाटाबद्दल कोण बोलणार?”

“कपाटाबद्दल मला काही माहीत नाही हो.”

“हेच,” संचालकसाहेब आमच्याकडे वळून म्हणाले. “ही नम्रता शिकून घ्या.”

बाटल्या धुक्याकडे गेल्या. धुके हा आमचा तरुण डिझायनर. मनोगतात तो धुक्यावर दीड पान चालला होता म्हणून हे नाव. त्याने दोन्ही लेबले एकाच राखाडी रंगात आखली, त्यावर त्याहून किंचित गडद राखाडी बारीक अक्षरे, आणि कोपऱ्यात एक ठिपका. डोळ्याच्या बाटलीवर ठिपका वर, कानाच्या बाटलीवर खाली. “डोळा आणि कान वेगळे नाहीत,” तो म्हणाला, “दोन्ही ऐकतात.” शरीररचनेच्या दृष्टीने यात निम्मे बरोबर आहे.

ताईने त्याला आडून विचारले, “कुणाला चष्मा काढून दाखवलंस का रे?”

“ताई, शोधण्यातला आनंद आपण रुग्णाकडून का हिरावून घ्यायचा?” हे वाक्य त्याने ताईच्याच मार्गदर्शन वर्गात लिहिले होते, आणि वर्गासाठी ताईने वापरलेला नमुना मी लिहिलेला होता.

लेबले माझ्याकडे आली. मात्रा बरोबर. मुदत बरोबर. शुद्धलेखन निर्दोष. तपासणीच्या अर्जात तेरा रकाने आहेत; ‘एकसारख्या दिसतात का’ हा चौदावा नाही. मी तेरा खुणा केल्या आणि सही केली. ताईने नमुने घरी न्यायला मागितले, तर मार्गदर्शकाला नमुने देण्याची तरतूद आढळली नाही. लेबलांना त्या वर्षीचे संयमाचे पारितोषिक मिळाले. परीक्षकांना बाटल्या काचेमागे, नावाच्या पाट्यांसह दाखवल्या होत्या.

बाटल्या दुकानांत आल्या तो मंगळवार. ताई मार्गदर्शनासाठी परगावी होती. आप्पांच्या घरच्या जुन्या बाटल्या संपत आल्या होत्या, म्हणून शेजाऱ्यांनी नव्या आणून दिल्या आणि जुन्यांच्या जागी ठेवल्या.

शुक्रवारी ताईचा रजेचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात दोन शब्द: “सासऱ्यांचा डोळा.” रजा तत्काळ मंजूर झाली, आमची संस्था या बाबतीत माणुसकी सोडत नाही. मंजुरीसोबत संस्थेची एक विनंती होती. या अनुभवाने आपल्या सर्जनशीलतेला काय दिले, यावर ‘अंतरंग’साठी लिहावे. ताईने लिहिले. “लेबलं चुकीची आहेत. बाटल्या परत मागवा. आप्पांनी ठिपका शोधला, त्यांना सापडला नाही. तो वर होता की खाली, हे मलाही आठवलं नाही.” मनोगत शेऱ्यासह परत आले: “भावना पोचते. विरंगुळा राहिला आहे.”

त्यानंतर ताईने राजीनामा दिला. जाण्यापूर्वी ती माझ्या टेबलाशी थांबली, माझ्या खणातून एक रबरबँड काढला आणि टेबलावरच्या दोन राखाडी नमुन्यांपैकी कानाच्या बाटलीला दोन वेढे दिले. “डोळे मिटा आणि उचला.” मी वीस वेळा उचलली. वीसपैकी वीस.

“एवढंच होतं,” ती म्हणाली.

हा निष्कर्ष मी तक्त्यासह संचालकसाहेबांकडे दिला. त्यांनी तो लक्षपूर्वक वाचला आणि रबरबँडमागचा विचार काय, असे विचारले. विचार नाही, फक्त बाटली ओळखता येते, असे मी सांगितले. ते बराच वेळ माझ्याकडे करुणेने पाहत राहिले. राखाडी बाटल्या अजून दुकानांत आहेत.

हा वृत्तान्त मी आजवर नऊ सुशिक्षित परिचितांना वाचून दाखवला. तिघांनी तो कपाटाचा सिनेमा कुठे पाहायला मिळेल असे विचारले, कल्पित आहे हे ऐकल्यानंतरही. चौघांना कार्पेटांच्या चित्रफितींचा पत्ता हवा होता. एकाने मार्गदर्शकाचे पद भरले गेले का, याची चौकशी केली. नववे म्हणाले, भाषा छान आहे. आप्पांच्या डोळ्याचे पुढे काय झाले, हे कोणीही विचारले नाही. नमुना लहान आहे, हा आक्षेप मला शास्त्रीयदृष्ट्या मान्य आहे; म्हणून डोळ्याविषयीचा परिच्छेद मी इथे मुद्दाम गाळला आहे आणि मोजणी चालू ठेवली आहे. आपण दहावे.