बोटींना उशीर झालाय

नाना गेले. त्या दिवशीही सावित्री नदीला भरती आली, पण ती सांगायला कोणी नव्हतं.

माझे शेजारी नाना घड्याळ मानत नसत. त्यांचा दिवस खाडीच्या पाण्यावर चाले. भरती रोज थोडी पुढे सरकते, तसा त्यांचा चहाही सरके. आज न्याहारीबरोबर, तर आठवड्याने भर दुपारी, जेवणाच्या ताटावर. न्हाव्याला 'भरतीला ये' एवढाच निरोप जाई. नवा न्हावी एकदा दिवसभर वस्तरा घेऊन धक्क्याकडे फेऱ्या मारत होता.

दासगाव एकेकाळी बंदर होतं. बाणकोटहून गलबतं भरतीबरोबर वर येत, मीठ नि कौलं उतरवत, तांदूळ भरून ओहोटीबरोबर परत जात. पुढे गाळ साचला, रस्ते झाले, बोटी थांबल्या. शाळेत मी हेच शिकवत असे. नानांना ते मंजूर नव्हतं.

"बंदर बंद नाय झालं, मास्तर. बोटींना उशीर झालाय."

माझ्या नकाशात दासगाव नाही हे पाहून त्यांनी बॉलपेनने ठिपका काढला. तो मुंबईपेक्षा मोठा झाला. मी हसलो, तर म्हणाले, "मुंबईत उतरलेला माणूस परत चढत नाय. त्याला काय बंदर म्हणायचं?" त्यांचा मुलगा मुंबईत होता, म्हणून मी नकाशा गुंडाळून ठेवला.

पुतण्याचं वऱ्हाड बाणकोटला निघालं तेव्हा तर नानांनी एसटी अडवून धरली. ओहोटी लागल्याशिवाय बाणकोटला निघायचं नाही. ड्रायव्हरने परोपरीने सांगून पाहिलं की गाडी रस्त्याने जाते. नाना दारातून हलले नाहीत. नवरदेव मुंडावळ्या बांधून घामाघूम झाला. पाणी उतरू लागलं, तेव्हा गाडी सुटली.

तेराव्यानंतर मी नानांच्या पत्नीकडे, काकींकडे गेलो. त्यांना आता फारसं दिसत नाही. मुलगा मुंबईला चल म्हणत होता, नि काकी ओटीवर नदीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"पाणी चढलं काय रे?"

"चढलं असेल."

"असेल नको म्हणूस. हे बघून येयाचे."

मी म्हणालो, नानांना बंदराचं फार वेड.

काकी हसल्या. "त्यांना कसलं वेड? त्यांना बोट लागायची. बाणकोटहून मला लग्न करून आणलं, तर सगळ्या वाटेत ओकत आले." मग म्हणाल्या, "बोटी थांबल्या, तवा बाणकोटला एसटी नव्हती, नि माझं माहेर तुटलं. मी रडत बसायची. एक दिवस हे धक्क्यावरून आले नि म्हणाले, ऊठ गो, तुझ्या माहेरचं पाणी आलंय. तवापासून रोज सांगायचे."

मी धक्क्यावर गेलो. पाणी पायरीला लागलं होतं. परत येऊन तसं सांगितलं. काकींनी मुलाला चहा टाकायला सांगितला.

मुलगा एकटाच मुंबईला गेला. दासगावात बोट येत नाही. भरती येते. ती आली की मी काकींना सांगतो.