खंडेरावांच्या दारातला उलटा पंखा

मखमलाबादच्या खंडेरावांनी नवं घर बांधलं आणि त्यांची मान अशी ताठ झाली, की सदऱ्याची कॉलर लाजून खाली बसली! दुहेरी काचा, दारांना रबरी पट्ट्या, सगळं नव्या नियमाबरहुकूम. "आमच्याकडं वारासुद्धा बेल दाबून आत येतो!" असं ते बाजार समितीत ज्याला त्याला सांगत.

मालेगावचे व्याही धनराज मुद्दाम बघायला आले आणि हसले. "फटी असतीलच, व्याही!"

खंडेराव उसळले. "आज हवागळतीची तपासणी आहे. तीत घर नापास झालं, तर नातवाच्या बारशाला पंगतीत मी वाढीन. पास झालं, तर तुम्ही!"

व्याह्यानं व्याह्याला वाढायचं, म्हणजे नाक कापून लिंबाच्या फोडीशेजारी वाढण्यातलाच प्रकार!

संध्याकाळी तपासणीला इंजिनियर रूपाली आली. तिनं पुढच्या दाराला लाल कापड ताणून मधोमध गाडीच्या चाकाएवढा पंखा बसवला. पंखा हवा बाहेर ओढणार आणि फटींतून किती हवा आत शिरते, ते यंत्र सांगणार.

"खिडक्या बंद ना, काका?"

"मुंगीसुद्धा अडकलीय आत!"

पंखा घरघरला. आकडा टोमॅटोच्या भावासारखा उडाला!

"काका, कुठंतरी भलं मोठं भोक आहे."

"हाई घर शे का गाळणी?" धनराज टाळी देत म्हणाले.

रूपालीनं उदबत्ती पेटवून दिली. धूर जिथं मागं ढकलला जाईल, तिथं भोक! उदबत्ती घेऊन खंडेराव भिंतीभिंतीनं फिरू लागले. काचेतून ते पाहून शेजारच्या कमळाबाई नारळ घेऊन खिडकीशी हजर. "आरतीला किती वेळ हाय?"

देवघरापाशी धूर गर्रकन मागं फिरला. खिडकी सताड उघडी! पुढं कमरेवर हात ठेवून त्यांची बायको लंकाबाई.

"अगं, हे काय केलंस?"

"तिन्हीसांजेला लक्ष्मी दारातनं येती. तुम्ही दारात पंखा लावून तिला बाहेर फेकताय! म्हटलं, खिडकीनं तरी येऊ द्या बाईला."

"वाढपी ठरला!" धनराज ओरडले. खंडेरावांच्या डोळ्यांपुढं वरणाची बादली नाचू लागली.

लंकाबाई रूपालीकडं वळल्या. "पोरी, ह्यो पंखा उलटा नाय का फिरत?"

"फिरतो की, मावशी! हवा आत ढकलूनही मोजता येतं."

"मग फिरव!" त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकी लावली.

पंखा उलटा सुटला. आकडा गपकन खाली बसला. पास!

फक्त अंगणात दुपारी निवडलेल्या कांद्याच्या सालपटांचा ढीग होता, तो कुणाच्या ध्यानात नव्हता. पंख्यानं तो सगळा आत ओढला. क्षणात सोफा, टीव्ही, धनराजांची टोपी, सगळं गुलाबी!

खंडेराव केरसुणीकडं धावले.

"खबरदार!" लंकाबाई कडाडल्या. "दिवेलागणीनंतर केर काढतात का? आत्ताच आलीय ती, लगेच हाकलता?"

"वाढीन मी बारशाला," धनराज सोफ्यावर ऐसपैस रेलले, "पण व्याही, वेचणार कोण?"

जिंकलेले खंडेराव गुडघ्यांवर आले आणि एकेक सालपट वेचत देवघराकडं रांगू लागले.

बाहेरून कमळाबाईंनी काचेवर नारळ ठोकला. "अहो भाऊ, लोटांगण पुरे आता! प्रसाद वाटा!"