बिनदाराच्या घरातले मणी

माझ्या लग्नाची पत्रिका नानांनी वाचली नाही, कापली. शेजारी म्हणून पहिली पत्रिका मी त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी ती वाकवून पाहिली, कानाजवळ नेऊन तिच्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "कागद भारी हाय, सर." मी बाहेर पडेपर्यंत तिच्या लांबट त्रिकोणी पट्ट्या झाल्या होत्या. त्या पट्ट्या गुंडाळून त्यांनी मणी वळले. तारीख कुठल्यातरी मण्याच्या पोटात गेली, त्यामुळे नाना लग्नाला आले नाहीत. आम्ही परत आल्यावर मात्र त्यांनी माझ्या बायकोला त्याच पत्रिकेच्या मण्यांची माळ दिली. त्यातल्या एका मण्यावर 'आमचे येथे श्रीकृ' एवढंच दिसतं. बायको ती माळ अजून हौसेनं घालते.

नाना म्हणजे भानुदास नाना. साखर कारखान्यात फिटर होते. नोकरी संपली, पाठोपाठ बायको गेली, आणि शनिशिंगणापुरातल्या त्या खोलीत ते आणि त्यांचे हात एवढेच उरले. हातांना काम हवं म्हणून त्यांनी मणी वळायला घेतले. मी मूळचा पारनेरचा. इथल्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. इथल्या घरांना दारं नसतात हे ऐकून होतो, पण हाताची सवय कुठे जाते? पहिल्याच दिवशी मी नानांच्या रिकाम्या चौकटीवर टकटक केली. समोर तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या माळा विकणाऱ्या कौसाबाई म्हणाल्या, "सुतार हाय का तुमी?" इथली रीत अशी की उंबऱ्याशी उभं राहायचं, हाक मारायची, आतून "या" आलं की आत जायचं.

नाना दाराकडे पाठ करून बसत. तोंड दाराकडे केलं तर उजेड डोळ्यांत जातो, हातावर पडत नाही, हे त्यांचं शास्त्र. हाक मारली तरी "या" येईलच असं नव्हतं. मी दोनतीनदा ओरडून शेवटी आत जाई आणि त्यांच्यासमोर उभा राही, तेव्हा ते दचकत. मी त्याला कलावंताची तंद्री समजत होतो. तसं मी शाळेतल्या सगळ्यांना कौतुकानं सांगितलंही होतं.

फिटरपणा त्यांच्या अंगातून गेला नव्हता. मणी झाला की त्याचं भोक उजेडाकडे धरून ते म्हणत, "बोअर बघा, सर, बोअर." मी एका डोळ्यानं बोअर बघे आणि दोन्ही डोळ्यांनी कंटाळे. सरळ भोकाचा मणी दोऱ्यात सरळ लोंबतो, तिरक्या भोकाचा 'कारखान्याच्या सायबासारका' लोंबतो, असं त्यांचं म्हणणं. कोणत्या वस्तूचा मणी होणार नाही हे त्यांना पटतच नसे. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे मणी, सीताफळाच्या बियांचे, करवंटीचे, तुरकाठीचे. एकदा कणकेचे केले, ते मुंग्यांनी नेले. माझ्या शाळेतले खडू त्यांनी मागितले तेव्हा मात्र मी सरकारी मालमत्ता म्हणून नाही म्हणालो. त्यावर त्यांनी मला आठवडाभर चहा विचारला नाही.

हे सगळे मणी ओवून त्यांनी चौकटीला पडदा केला. तो दिसायचा इतका झोकात की शनीच्या दर्शनाला आलेले लोक दुकान समजून सरळ आत शिरत आणि भाव विचारत. नाना त्यांना बसवून पाणी देत आणि विकायचं नाही म्हणून सांगत. वर आत येताना पडदा वाजला का, हे त्यांनाच विचारत. लोक बावचळत. वाजला म्हटलं तर नाना म्हणत, "मला कसा न्हाई वाजला?" आणि संध्याकाळी त्या पडद्याच्या दोनचार सरी उतरवून टाकत.

पडदा असा सारखा बदलत राहिला. कागदाचे मणी गेले, बियांचे आले. बियांचे गेले, करवंटीचे आले. मग त्यांनी ओढ्याची माती आणून मणी भाजले. घरात चार दिवस धूर होता. त्यानंतर पाण्याच्या लोखंडी पाइपाचे तुकडे कापून ओवले. तो पडदा वाऱ्यानं हलला तरी माझी झोपमोड व्हायची. एक दिवस वैतागून मी म्हणालो, "नाना, एवढं करण्यापेक्षा एक बेल बसवा ना."

नानांनी कानस खाली ठेवली. "घरचा मानूस बेल दाबतो व्हय, सर?"

मला काही कळलं नाही. कळलं ते कौसाबाईंकडून. नानांचा मुलगा बाळू. त्याचं लग्न झालं, सून सोनईची. सोनई इथून जवळच, पण तिथे घरांना दारं असतात. नव्या सुनेला उघड्या घरात संकोच वाटे. बाळूनं दार बसवू म्हटलं. नाना म्हणाले, गावात कुणी बसवलं नाही, मीही बसवणार नाही. शब्दानं शब्द वाढला आणि बाळू बायकोला घेऊन चाकणला गेला, तिथे कंपनीत लागला. बोलणं बंद झालं. मग गेल्या दिवाळीत तो एकटाच आला. उंबऱ्याशी उभा राहिला, नाना म्हणून हाक मारली. नाना पाठमोरे बसून मणी वळत होते. त्यानं पुन्हा हाक मारली, थोडा वेळ थांबला आणि तोंड न दाखवता निघून गेला. कौसाबाईंना वाटलं, म्हाताऱ्याचा राग अजून गेला नाही. संध्याकाळी त्यांनी जवळ जाऊन विचारलं, पोरगं आलं होतं, बोलला का नाही? तेव्हा नानांना कळलं की तो आला होता.

मी तसाच नानांकडे गेलो. कानाचं मशीन घ्या म्हणालो, तर ते त्यांनी आधीच आणलं होतं. ते लावलं की भाविकांच्या गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू यायचे, माणूस एकही नाही, म्हणून काढून ठेवलं होतं. मग मी म्हणालो, बाळूला फोन करा. नाना हसले. "काय सांगू फोनवर? ऐकू येत न्हाई म्हनून? आन् त्यो काय म्हनला ते मला कसं ऐकू येनार?"

कौसाबाईंकडून नंबर घेऊन मीच फोन केला. नाना समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बाळूला म्हणालो की मी वडिलांचा शेजारी, तुम्ही दिवाळीत आला होता तेव्हा त्यांना ऐकू आलं नाही. पलीकडून आवाज आला, "ते आधीपासून कुणाचं ऐकत न्हाईत, सर."

मी म्हणालो, "ऐकत नाहीत नव्हे. ऐकू येत नाही. कानांना."

त्यावर तो सुट्टी मिळाली की येतो म्हणाला आणि फोन ठेवला. मी नानांच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी तीनतीनदा विचारलं, "येतो म्हनला, का बगतो म्हनला?" मी येतो म्हणाला असं तिन्ही वेळा सांगितलं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

याला आता बरेच महिने झाले. बाळूला सुट्टी मिळायची आहे. नानांनी लोखंडी मणी काढून टाकले आणि पुन्हा जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांचे मऊ मणी ओवले. हे तर मुळीच वाजत नाहीत, असं मी म्हणालो, तेव्हा ते उठले आणि आपलं बसायचं पोतं उचलून उंबऱ्याला चिकटून टाकलं. आता ते तिथेच बसतात, पाठ बाहेर करून. पडद्याच्या सरी त्यांच्या पाठीवर आणि खांद्यांवर पडलेल्या असतात. कुणी हात लावला की त्यांना पाठीला कळतं. आत जायची वाट त्यांनी पूर्ण अडवली आहे. कौसाबाई त्यावरून रोज बडबडतात. पण आता त्या घरात कुणालाही जायचं असेल, तर आधी नानांच्या खांद्यावर हात ठेवावा लागतो.