डावीकडे दीड सेंटिमीटर जास्त

आमच्या तांबेसाहेबांच्या डोक्याचा नकाशा आहे. म्हणजे खरोखरचा नकाशा. ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून. वरून काढलेल्या चित्रात टक्कल तुटक रेषेने दाखवलंय. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला तांबेसाहेब तो नकाशा प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून घेऊन सानपाड्याच्या आमच्या सोसायटीखालच्या फैजानच्या सलूनमध्ये येतात, चिकटपट्टीने आरशाला लावतात आणि मगच खुर्चीत बसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, फैजान सलून वाढवतोय.

तांबेसाहेब मूळचे खेडकडचे. सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. नवी मुंबईतली निम्मी गटारं आपल्या पट्टीखालून गेली आहेत, असं ते अभिमानाने सांगतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण पट्टी काही सुटली नाही. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी कायम, आणि तोंडात एकच वाक्य, "मोघम बोलू नका."

त्यांना 'कसे आहात?' असं विचारण्याची सोय नाही. "कोणत्या बाबतीत?" असं उलट विचारतात. सोसायटीने एकदा 'पाणी थोडा वेळ बंद राहील' अशी नोटीस लावली, तर संध्याकाळपर्यंत 'थोडा' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ आणि पुढे 'किती?' असं लिहिलेलं. रिक्षावाल्याला 'जरा पुढे घ्या' म्हणत नाहीत, 'तिसऱ्या खांबापाशी' म्हणतात. करावेहून मासळी घेऊन येणारी एक मावशी गेटवर बसते. तिला त्यांनी सुरमईच्या तुकड्यांची जाडी सांगितली, दीड सेंटिमीटर. मावशीने कोयता खाली ठेवला. "ओ साहेब, ही मासली हाय, लाकूड नाय मापून कापायला! घ्यायची तं घ्या, नायतर कोलंबी हाय." साहेबांनी कोलंबी घेतली. ती म्हणे मोजता येते.

खरं तर केस कापून घेणं हा साफ मोघमपणावर चालणारा व्यवहार आहे. मी गेली वीस वर्षं खुर्चीत बसून 'मीडियम ठेव' एवढंच सांगत आलोय. मीडियम म्हणजे काय हे मला माहीत नाही, फैजानलाही माहीत नाही. उठतो तेव्हा मी पोलीस भरतीला निघाल्यासारखा दिसत असतो. फैजान मागून आरसा धरतो, "काका, बराबर?" विचारतो आणि मी आतल्या आत रडत "एकदम मस्त" म्हणतो. घरी गेल्यावर बायको "परत तेच?" एवढंच म्हणून कुकर लावते. तुमचंही यापेक्षा वेगळं होत असेल असं मला वाटत नाही. तांबेसाहेबांचं मात्र वेगळं होतं.

"फैजान, मानेवर किती?"

"दोन नंबर मारतो ना काका. टेन्शन नका घेऊ."

"दोन नंबर म्हणजे?"

"सहा एमएम."

"मग सहा एमएम म्हण. मोघम बोलू नकोस."

एवढं झाल्यावर चष्मा काढून फैजानच्या हातात देतात आणि डोळे मिटून बसतात. चाळीस मिनिटं. मागे बाकावर आम्ही चार-पाच जण रांगेत, आणि समोर आरशावर तांबेसाहेबांच्या डोक्याची उजवी बाजू, प्रमाणासहित.

बरं, इतकं करून नकाशा चुकलेला. उजव्या कानावर केस दोन सेंटिमीटर आणि डाव्या कानावर साडेतीन. फैजान बिचारा तसंच कापायचा. त्यामुळे तांबेसाहेब सलूनमधून बाहेर पडायचे तेव्हा त्यांचं डोकं एका बाजूला कलल्यासारखं वाटायचं. मी टिंगलखोर माणूस, मला कुठलं राहवतंय? एकदा म्हटलं, "साहेब, डावी बाजू तपासायची राहिली वाटतं."

"नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले. "मंजूर झालाय."

आणि खरंच, उजव्या कोपऱ्यात 'मंजूर' असा चौकोन होता. त्यात महिन्यागणिक तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे लाल पेन्सिलीचं एक वेडंवाकडं फरकाटं.

"ही कुणाची सही?"

"वरिष्ठांची."

"निवृत्तीनंतरही वरिष्ठ?"

"आहेत," ते म्हणाले. "फार कडक आहेत."

मी काय केलं ते सांगायला आता लाज वाटते, पण सांगतो. त्या नकाशाचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'टेरेसच्या गळतीचं काम यांनाच द्या, किमान टकलाचा अनुभव आहे.' हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. तांबेसाहेब ग्रुपवर होते.

गेल्या महिन्यात फैजान बहिणीच्या लग्नाला गेला आणि सलून त्याच्या चुलतभावावर सोपवून गेला. हा भाऊ वाशीच्या कुठल्याशा पार्लरमध्ये काम केलेला. केसांकडे एकदा बघायचं आणि कात्री चालवायची, असला आत्मविश्वास. तांबेसाहेबांनी नकाशा लावला, चष्मा काढला, डोळे मिटले. भावाने नकाशाकडे पाहिलं, डोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे बघून डोळा मारला. मीही मारला. म्हणजे पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

तांबेसाहेबांनी चष्मा लावला आणि आरशात बघतच राहिले. खिशातली पट्टी काढून उजव्या कानावर धरली, मग डाव्या. दोन्हीकडे दोन सेंटिमीटर.

"सारखं केलंस?"

"हां काका. ड्रॉइंगमधे मिस्टेक होती, मी बॅलन्स करून टाकला."

मला वाटलं, आता फैजानच्या भावाचं काही खरं नाही. पण साहेब ओरडले नाहीत. उठून माझ्याशेजारी बाकावर बसले. चेहरा पार उतरलेला.

"अहो, पहिल्यांदाच सरळ दिसताय," मी म्हटलं. "पेढे वाटा!"

"आता घरी काय दाखवू?" ते म्हणाले. मला नव्हे, पट्टीला म्हणाले असावेत.

"वरिष्ठांना सांगा, कंत्राटदाराने परस्पर काम बदललं."

त्यावर ते उठले आणि निघून गेले. नकाशा आरशावर तसाच, नळकांडं बाकाखाली. तांबेसाहेब काही विसरले, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझे केस कापून झाल्यावर मी नकाशा गुंडाळला आणि सी विंगला गेलो. खरं सांगायचं तर आणखी थोडी मजा करावी, हाच विचार होता.

चौथ्या मजल्यावर दार तांबेसाहेबांनीच उघडलं. मी त्यांच्या घरात कधी गेलो नव्हतो. त्यांच्या मिसेस फारशा दिसत नाहीत हे माहीत होतं, आणि नवऱ्याच्या मोजमापांना कंटाळून दार लावून बसत असतील, असा विनोदही मी एकदोनदा केला होता.

बाल्कनीच्या दाराशी त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवला तसाच. मी "नमस्कार वहिनी" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असं."

"दोन वर्षं झाली," तांबेसाहेब म्हणाले. "उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हा एकच शब्द राहिला. बसा."

मी बसलो. नळकांडं हातात तसंच.

"माझे केस सव्वीस वर्षं हिनेच कापले. तिथे, बाल्कनीत. माझ्या डाव्या हाताला आधी पाण्याचं पिंप असायचं, मग वॉशिंग मशीन आलं. तिला पलीकडे जाताच यायचं नाही. उजवीकडूनच हात लांबवून कापायची. त्यामुळे डावीकडे दीड सेंटिमीटर जास्त राहायचं." त्यांनी नकाशा माझ्या हातातून घेतला. "आजारी पडली त्याच्या आदल्या रविवारी शेवटचे कापले होते. वाढायच्या आत मी माप घेऊन ठेवलं."

मग ते खुर्चीसमोर पाटावर बसले, शाळेतल्या मुलासारखे. वहिनींचा डावा हात त्यांच्या डोक्यावरून हळूहळू फिरला. मानेवरून, उजव्या कानावरून, मग डाव्या. तिथे थांबला. बोटं नसलेले केस शोधत राहिली.

"असं?" त्या म्हणाल्या.

"चुकलं गं. फैजान नव्हता. मी चष्मा काढून बसलो होतो."

"असं."

"हो, माझ्या लक्षातच आलं नाही."

त्या अर्ध्या ओठांनी हसल्या. मग खुर्चीच्या कडेला दोऱ्याने बांधलेली लाल पेन्सिल डाव्या हातात धरली आणि नकाशावरच्या चौकोनात ते वेडंवाकडं फरकाटं ओढलं. ओढताना जीभ दातांत धरली होती.

"अगं, नीट बघ, कमी आहे," तांबेसाहेब म्हणाले. "असं कसं मंजूर करतेस?"

"असं!" त्या जरा जोरात म्हणाल्या.

तांबेसाहेब माझ्याकडे वळले. "ती म्हणते, केस आहेत, वाढतील. उगीच घर डोक्यावर घेऊ नका."

जगात कुणालाही एक शब्द मोघम बोलू न देणारा हा माणूस. मी बसल्या जागी खिशातला फोन काढून ग्रुपवरचा तो फोटो पुसायला गेलो, पण सगळ्यांच्या फोनवरून पुसण्याची मुदत कधीच टळून गेली होती.

"तांबेसाहेब, तो ग्रुपवरचा फोटो..." मी म्हटलं.

"पाहिला," ते म्हणाले. "तिला दाखवला. ती हसली होती."

चहा घेऊन उठलो. दारात येऊन म्हटलं, "येतो. परत येईन कधीतरी."

"कधीतरी म्हणजे कधी? मोघम बोलू नका." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला माणसं आलेली आवडतात."

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं. "साडेदहाला."

दाराच्या मागे कॅलेंडर होतं. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून रविवारच्या चौकोनात माझं नाव आणि वेळ लिहिली. बाकीचे चौकोन मी तेवढ्यात वाचून घेतले. एका आड एक चौकोनात 'फिजिओ', दुसऱ्या रविवारी 'केस', आणि अख्ख्या महिन्यात माणसाचं नाव म्हणून तेवढं एक माझंच.