मलकापुरात नवा गट

तुम्हाला म्हणून सांगतो, अख्ख्या मलकापुरात डेटाबेसमधलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही! अडचण एवढीच, की ते ज्याला सांगावं असंही कुणी नाही. पुण्याच्या एका विमा कंपनीचं काम मी घरी बसून करतो. दिवसभर पडद्याशी बोलायचं, आणि उत्तर आलंच तर ते एररचं. परवा आमची बायको आम्रपाली म्हणाली, "आवं, जरा माणसांत जावा. काल कुकरला 'कनेक्ट हो' म्हणालात!" खरंच सांगतो, लय एकटं वाटायचं.

म्हणून ठरवलं, डेटाबेसवाल्यांचा गट काढायचा! महिन्यातून एकदा जमायचं, चहा प्यायचा आणि पोटभर आपल्या धंद्यातलं बोलायचं. हॉल ठरवला. बोर्ड विश्वजितच्या फ्लेक्सच्या दुकानात टाकला. मजकूर साधाच होता: 'डेटाबेस वापरकर्ता गट, स्थापना सभा, रविवारी'.

विश्वजितनं 'डेटाबेस वापरकर्ता' मुंगीएवढं छापलं आणि 'गट' हत्तीएवढा! वर माझा हात जोडलेला फोटो, खाली 'संस्थापक अध्यक्ष मा. प्रशांतदादा'. आणि नगरपालिकेची निवडणूक तोंडावर!

दुसऱ्याच दिवशी आमच्या भागातले पुढारी नाथाजीआण्णा दारात हजर. मागं दहा-बारा पांढरे शर्ट.

"प्रशांतराव, गट काढला म्हणं?"

"काढला की!"

"आमाला न इचारता?"

मला वाटलं, आण्णांनाही डेटाबेसची गोडी आहे! म्हटलं, "तुमीबी या की!"

"बेस कुठवर हाय तुमचा?"

"पार पलूस, औंधपर्यंत! तिकडनं माणसं येणारेत."

आण्णांनी घाम पुसला. "आन डेटा?"

"लाखभर माणसं हायत माझ्याकडं. नाव, वय, पत्त्यासकट!" मी आपला विम्याचा हिशेब सांगत होतो.

आण्णा मटकन खुर्चीत बसले. "मग युतीच करू गड्या!"

रविवारी हॉल खचाखच भरला! एका बाजूला आण्णांची माणसं, दुसऱ्या बाजूला त्यांचे जुने विरोधक दादासो आणि त्यांची पलटण. खरे डेटाबेसवाले दोनच, पलूसची अरिबा आणि औंधचा अजीम. तेही दारातच अडकलेले. अरिबाला कसंबसं माइकपर्यंत ओढून आणलं. ती बिचारी डेटाबेसमधली टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, एकमेकांना जोडायचे प्रकार समजावू लागली.

"एक असतो लेफ्ट जॉइन, एक राइट जॉइन..."

आण्णा ताडकन उठले. "ऐकलं का? डावं बी जॉइन, उजवं बी जॉइन! आता ऱ्हायलं कोण?"

टाळ्यांचा कडकडाट! दादासो ओरडले, "आन आमी कोण वं, बाई?"

अरिबाला वाटलं, पुढचा प्रकार विचारतायत. ती गोड आवाजात म्हणाली, "मग उरतो आउटर."

"आमाला भाईरचं म्हंता? तीन पिढ्या मलकापुरात हाय आमी!"

पहिली खुर्ची कुणी फेकली ते मला माहीत नाही. मी टेबलाखाली होतो!

हॉल रिकामा झाला तेव्हा आम्ही तिघंच उरलो होतो. पण काय सांगू, मी भलताच खूश होतो! तीन का होईना, आपली माणसं! शंभर जणांचा चहा पुढ्यात घेऊन आम्ही दिवेलागणीपर्यंत बोलत बसलो. तेवढ्यात अजीम म्हणाला, "काही म्हणा, डेटाबेसचं सॉफ्टवेअर विकतचं ते विकतचं."

"का? फुकटच्यात काय वाईट आहे?" अरिबा कडाडली.

मी अध्यक्ष या नात्यानं म्हणालो, "दोघांचंही बरोबर आहे."

बस! त्यावर दोघंही भडकले. अरिबानं पलूसला वेगळा गट काढला, अजीमनं औंधला.

रात्री आण्णांचा फोन आला. "गट फुटला म्हणं? किती माणसं ऱ्हायली?"

"मी एकटाच, आण्णा."

"मग झाक! आता फुटायचं भ्याच न्हाई!"

तसं म्हणायला हरकत नाही. फक्त कालपासून माझंही माझ्याशी पटेना झालंय.