पेट्रोमॅक्ससमोरचं झाकण

वालूरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी अंतराळात सोडायच्या दुर्बिणीचा आराखडा केला, ही गोष्ट तालुक्याच्या शिस्तीत बसणारी नव्हती. पण प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि बाकीच्या शाळांनी यंदाही ज्वालामुखीच आणलेला. तेव्हा मुख्याध्यापक दिनकररावांनी नाइलाजानं मंजुरी दिली. निवड झाली तर प्रतिकृती पुण्याला जाणार होती, करणाऱ्याच्या नावासकट. बाईंचा सगळा जीव त्या नावात अडकला होता. त्या राहायच्या त्या भीमनगरातलं कुणाचंच नाव अजून पुण्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आराखडा सरळ होता. दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह असलाच, तर ताऱ्याच्या झगमगाटात तो दिसायचा नाही. म्हणून दुर्बिणीपुढं तबकडी धरायची आणि तारा तेवढा झाकायचा, की शेजारचा ग्रह दिसतो. ताऱ्याच्या जागी पेट्रोमॅक्सची बत्ती, ग्रह म्हणून दोऱ्याला टांगलेला ज्वारीचा दाणा, आणि तबकडी म्हणजे डब्याचं झाकण.

घोटाळा उद्घाटनात झाला. मंडपातली समई वाऱ्यानं टिकेना, म्हणून प्रमुख पाहुणे सभापती किशनराव यांच्या हस्ते बाईंचा पेट्रोमॅक्सच प्रज्वलित करण्यात आला. टाळ्या पडल्या. बाईंनी झाकण पुढं सरकवलं.

"हे काय करायलात बाई?" किशनराव म्हणाले. "आमी लावलेला दिवा झाकायलात व्हय?"

"साहेब, झाकल्याशिवाय दाणा दिसत नाही."

"ज्वारी रोजच बघतो आमी. दिवा दिसू द्या."

दिनकररावांनी तत्परतेनं झाकण काढलं. दाणा दिसेनासा झाला. 'ग्रह आढळत नाही' असा शेरा परीक्षकांनी मारला, तेव्हा दाण्याच्या जागी नारळ टांगण्याची तांत्रिक दुरुस्ती सुचवण्यात आली. नारळ दिसला. समितीनं विज्ञानाची ही झेप एकमतानं मान्य केली आणि प्रतिकृती पुण्यासाठी निवडली. झाकण रिकामंच पडलं होतं, त्यावर नावं रंगवली. प्रेरणा किशनराव, मार्गदर्शन दिनकरराव, नारळ माणिकराव किराणावाले यांच्या सौजन्यानं.

"आणि माझं नाव?" बाईंनी विचारलं.

दिनकरराव गंभीर झाले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. मराठवाड्यात विद्यापीठाच्या नावावरून सध्या किती पेटलंय, बघताय ना? नावाचा विषय तेवढा नको. काम महत्त्वाचं."

"मग ही तीन नावं?"

"त्यांना कुणाचा आक्षेप नाही."

प्रतिकृती दिनकररावांच्या मांडीवर बसून पुण्याला गेली. बाई वालूरलाच राहिल्या, कारण वर्ग कुणीतरी घ्यायला हवा होता. पुढं वर्तमानपत्रात प्रदर्शनाचा फोटो आला. बाईंच्या आईनं तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्याच्यात तू कुठं हायस गं? मला तर दिसंना."

बाईंनी किशनरावांवर अंगठा ठेवला. मग कडेला, नारळाच्या मागं, आईला लेक दिसली.

तुम्हाला वाईट वाटलं असेल, तर वाटू द्या. सभापतींचं नाव तुमच्या ध्यानात आहे, मुख्याध्यापकांचं आहे, नारळवाल्याचंसुद्धा आहे. बाईंचं नाव मी सांगितलं नाही, आणि इथवर वाचत आलात तरी तुम्हीही विचारलं नाही.